बासष्ट जणांसाठी

सोमवार, १३ जानेवारी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बासष्ट वैमानिकांना नोकरीवरून कमी केल्याचा एकच मेल आला. मला आला नाही. जान्हवी डबा भरून बँकेत निघून गेली तरी मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभाच होतो. नऊ वाजता कळलं की ज्यांना यायचा होता त्यांना तो येऊन गेलाय. म्हणजे मी राहिलो.

राहिलो हे कळल्यावर पहिल्यांदा काय वाटलं ते इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. बरं वाटलं. मग यादी फिरत फिरत माझ्यापर्यंत आली आणि तिच्यात सुयोगचं नाव होतं.

गेल्या दोन वर्षांत सुयोग कॉकपिटमध्ये माझ्या शेजारी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक म्हणून जितका बसला तितका दुसरा कोणी बसला नसेल. एकोणतीस वर्षांचा आहे. घाटकोपरच्या भटवाडीत वाढला, अजून तिथेच राहतो. वडील गुणाजी आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमनकी केली. पोरगा पायलट झाला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी त्याचा फ्लेक्स लागला होता, तो मी पाहिलाय. त्याला फोन केला. म्हणाला, बाबांना अजून सांगितलं नाहीये, ते देवळात गेलेत.

डिसेंबरात ट्रेनिंगच्या नावाखाली आम्हा काही कॅप्टनांकडून फॉर्म भरून घेतले होते, प्रत्येक फर्स्ट ऑफिसरबद्दल चार-चार ओळी. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. असले फॉर्म अधूनमधून भरावेच लागतात.

बुधवार, १५ जानेवारी

अंधेरीला एका लग्नाच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. यादीतले जवळजवळ सगळे आणि आमच्यासारखे राहिलेले शंभरेक. विशाल स्टेजवर होता. तो माझ्याच बॅचचा, कॅप्टन, पण त्याला मेल आला. आवाज बसेपर्यंत बोलला. त्याचं म्हणणं सरळ होतं. 'नभांगण'ची विमानं आता राहिलेल्यांच्या जिवावर उडणार. राहिलेल्यांनी सोमवारपासून आजारी पडायचं. सगळ्यांनी, एकदम. विमानं जमिनीवर बसली की कंपनी आपोआप बोलायला येईल.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग मार्तंड सर उठले.

सर सत्तावन्न वर्षांचे, कंपनीतले सगळ्यात जुने ट्रेनिंग कॅप्टन. मला कॅप्टन त्यांनीच केलं, माझ्या परीक्षेच्या उड्डाणाला शेजारी तेच होते. माईक न घेताच बोलले. "संप करायचा तर उघड करू. युनिफॉर्म घालून गेटवर बसू, मी पहिला बसतो. पण आजारी नसताना आजारी आहे असं मी कळवणार नाही. उद्या खरोखर आजारी असून उडायला निघालेल्याला आपण कुठल्या तोंडाने थांबवणार?"

मागून कोणीतरी त्यांना कंपनीचा कुत्रा म्हणालं. मग पाण्याची भरलेली बाटली आली ती त्यांच्या कानशिलाला लागून फुटली. सर शर्ट झटकून खाली बसले. माझी खुर्ची तीन रांगा मागे होती. मला उठता आलं असतं. पण त्या वेळी उठणं म्हणजे त्यांची बाजू घेणं झालं असतं, आणि मी सुयोगच्या शेजारी बसलो होतो.

सोमवार, २० जानेवारी

पहाटे ड्यूटीवर फोन करून ताप आहे म्हणून कळवलं. माझ्यासारखे एकाहत्तर. दुपारपर्यंत छत्तीस उड्डाणं रद्द झाली.

अकरा वाजता सगळे मरोळच्या ऑफिसवर जमलो. बाईकनेच गेलो, तिथे गाडी लावायला जागा नसते. आम्हाला फक्त निवेदन द्यायचं होतं. गेटवर नेहमीचे रखवालदार नव्हते. काळे टी-शर्ट घातलेले तीस-चाळीस जण, दंडांवर पट्टे, हातात फायबरचे दंडुके. विशाल बोलत होता तोवर त्यांच्यातल्या एकाने त्याच्या छातीत दंडुका खुपसला आणि मग सुरूच झालं. आमच्यातले निम्मे आयुष्यात कधी भांडलेले नव्हते. एका फर्स्ट ऑफिसरला दोघांनी केसांना धरून फरफटत नेलं. तिची बॅग फाटून सामान रस्त्यावर पसरलं आणि ते त्या सामानावरून चालत गेले.

सुयोग पुढे होता. ते सरकतं लोखंडी गेट आतून बंद करत होते आणि हा कोणालातरी बाहेर ओढून घेत होता. उजवा हात आत राहिला. गेट बंद झालं. तो आवाज मी ऐकला. सुयोग ओरडलासुद्धा नाही, नुसता हाताकडे बघत राहिला. ज्याने गेट ढकललं तो जाड मिशांचा माणूस हसत होता. कदाचित हसत नसेल, धापा टाकत असेल.

माझ्या हातात हेल्मेट होतं. ते मी त्याच्या तोंडावर मारलं. तो पडला तेव्हा पुन्हा मारलं, मग पायाने. मला दोघांनी मागे ओढलं तोपर्यंत त्याच्या तोंडातून रक्त आणि एक दात बाहेर आला होता. पाठीवर दंडुके बसत होते ते घरी येईपर्यंत जाणवले नाहीत.

सुयोगची दोन बोटं मोडली आहेत, मधलं आणि करंगळीशेजारचं. सळया घालायला लागल्या.

खरं सांगायचं तर आज मला आठवडाभरात पहिल्यांदा हलकं वाटतंय. माणसाला मारलं की वाईट वाटायला हवं. वाटत नाहीये. आपल्या माणसासाठी मारलं की वाटत नसावं.

बुधवार, २२ जानेवारी

विशालचे फोनवर फोन. गेटवरचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, मी त्यात स्पष्ट दिसतो. यादीतल्या लोकांचे मेसेज आलेत, तुमच्यासारखे दहा जण असते तर. वाचून ऊर भरून आला. कंपनीने पोलिसांत तक्रार दिलेली नाही. त्यांनाही स्वतःच्या माणसांचं उत्तर द्यावं लागेल म्हणून असेल.

आमच्या रुचिराच्या वर्गात पण व्हिडिओ पोहोचला. ती जेवायला ताट घेऊन तिच्या खोलीत जाते. दहावी तोंडावर आहे, तिला वेळ पुरत नाही. जान्हवीने माझ्या हातावर बर्फ बांधला, आणि स्वतःची उशी घेऊन रुचिराच्या खोलीत झोपायला गेली. पोरगी अभ्यासाला एकटी कंटाळते म्हणे.

शुक्रवार, २४ जानेवारी

मार्तंड सर उडतायत. सोमवारपासून रोज. त्यांच्यामुळे आणखी चौघं-पाचजण जायला लागले. कंपनीने काल पत्रकच काढलं, काही ज्येष्ठ वैमानिकांनी जबाबदारीने साथ दिली वगैरे. खाली त्यांचं नाव.

विशाल आज मुलुंडला आला होता. खालीच, सोसायटीच्या बाकावर बसून बोललो. तो म्हणाला, त्यांना एकदा समजावायला हवं. मी म्हटलं, ते ऐकणारे नाहीत. तो म्हणाला, तोंडाने नाही ऐकणार.

मी त्याला एवढंच सांगितलं की बोरीवलीला सरांच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता काँक्रीटसाठी खणलाय, त्यामुळे कंपनीची गाडी त्यांना मागच्या गल्लीत सोडते, नॅशनल पार्कच्या भिंतीकडे. सकाळची पाळी असली की चारच्या सुमाराला. तिथे दुपारी कोणी नसतं. हे काही गुपित नाही. त्या गाडीने मीही दहा वेळा गेलोय.

शनिवार, २५ जानेवारी

बोरीवलीला जाऊन आलो. ठरलं होतं फक्त बोलायचं. विशालने यादीतले आणखी दोघं आणले होते. सगळ्यांनी हेल्मेट घालूनच राहायचं असं तो म्हणाला, तोंडं दिसली की विषय वाढतो.

सर गाडीतून उतरले, बॅग ओढत भिंतीकडेने आले. विशालने लाथ मारून बॅग आडवी केली. त्या दोघांनी सरांचे हात धरले. विशालने थोबाडीत दोन मारल्या, पोटात गुडघा घातला. सर खाली बसले. मग विशालचा एक फटका तोंडावर जोरात बसला. बरंच रक्त आलं. खांद्यावरच्या चार सोनेरी पट्ट्या सगळ्या लाल झाल्या. एवढं व्हायला नको होतं.

मी मागे उभा होतो.

सोमवार, २७ जानेवारी

परवा लिहिलं ते खोटं आहे. वहीत खोटं लिहून कोणाला फसवतोय मी.

विशालने थोबाडीत मारल्या हे खरं. गुडघा घातला हेही खरं. पण मग तो स्वतःच म्हणाला, चला, बस झालं. ते तिघं बाईककडे निघाले होते. सर जमिनीवर बसून टोपी चाचपत होते. वर बघून म्हणाले, "यादीतले आहात का रे? मग मला मारून काय होणार? तीन तारखेला—"

पुढे काय म्हणणार होते ते मी ऐकलं नाही. यादी म्हणाले तेव्हाच माझं डोकं फिरलं, का ते कळत नाही. मला वाटलं आता परत भाषण देणार. मी हेल्मेट काढलं, पट्टा मुठीत धरला आणि फिरवलं. डोळ्याखाली बसलं. चिंच फुटावी तसा बारीक आवाज झाला. तेवढ्यावर थांबता आलं असतं. मी आणखी दोनदा मारलं. दुसऱ्यांदा त्यांनी हात मध्ये घातला, तिसऱ्यांदा घातला नाही.

हेल्मेट हातात होतं म्हणजे माझं तोंड उघडं होतं. त्यांनी मला पाहिलं. ओरडले नाहीत, नावही घेतलं नाही. एका डोळ्याने नुसतं बघत राहिले. दुसरा तेव्हाच दिसत नव्हता, रक्ताने भरला होता. विशालने मला कॉलर धरून ओढलं.

घरी येऊन हेल्मेट बाथरूममध्ये धुतलं. जान्हवी दारात उभी होती. तिने पाणी लाल झालेलं पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मंगळवार, २८ जानेवारी

संध्याकाळी सुयोग आला. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, चेहरा असा की मी उठून उभा राहिलो. म्हणाला, "सर, मार्तंड सरांना कोणी मारलं ठाऊक आहे तुम्हाला? विशालने ना?"

मी म्हटलं, मला काही कळलेलं नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मग खाली बसून सांगायला लागला.

सरांच्या डोळ्याखालचं हाड मोडलंय, डाव्या डोळ्याचा पडदा फाटलाय. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याने आता फक्त उजेड-अंधार कळेल. ते पुन्हा उडणार नाहीत. पोलिसांना त्यांनी सांगितलं की चार माणसं होती, सगळ्यांनी हेल्मेट घातलेली, एकाचंही तोंड दिसलं नाही.

आणि तीन फेब्रुवारीला कामगार आयुक्तांसमोर सुनावणी आहे. बासष्ट जणांच्या बाजूने एकच साक्षीदार होता, मार्तंड सर. कंपनीने कागदावर म्हटलंय की ज्येष्ठतेप्रमाणे कपात केली. सर सांगणार होते की तसं नाही, डिसेंबरात ट्रेनिंगसाठी म्हणून फॉर्म घेतले आणि गुपचूप त्यांच्यावरून यादी बनवली. खोटी सबब सांगून घरी बसलेला माणूस साक्षीला उभा राहिला तर वकील पहिल्या प्रश्नातच त्याला खोटारडा ठरवणार. म्हणूनही ते रोज कामावर जात होते. कंपनीला सुगावा लागू नये म्हणून सुयोगशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मीटिंगमध्ये बाटली बसली तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं मी," सुयोग म्हणाला. "त्यांनीच शपथ घातली होती."

तो गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन आरशावर कपाळ आपटलं. दोनदा. आरसा तडकला. बाहेरून रुचिराचा आवाज आला, ती आईला सांगत होती की आपण मावशीकडे जाऊ या. दोघी डोंबिवलीला गेल्या. जान्हवीने जाताना कपाळाच्या जखमेवर लावायला मलम काढून ठेवलं.

गुरुवार, ३० जानेवारी

हॉस्पिटलमध्ये गेलो. दोन वेळा गेटवरून परत फिरलो, तिसऱ्यांदा वर गेलो.

नलिनी वहिनी, सरांच्या पत्नी, बाहेर बाकावर होत्या. मला बघून बरं वाटलं त्यांना. म्हणाल्या, सकाळपासून तुझी आठवण काढली त्यांनी, सुबोध येईल म्हणाले. माझ्या कपाळाची पट्टी बघून विचारलं, तुलाही मारलं का रे त्या लोकांनी? मी मान हलवली. कशी हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही.

सरांचा अर्धा चेहरा बांधलेला होता, उरलेला अर्धा जांभळा. त्यांनी वहिनींना चहा आणायला पाठवलं. मी पायाशी उभा राहिलो. हात जोडले तर म्हणाले, नाटकं नकोत, बस.

मग त्यांनी मला ब्रीफिंग देतात तसं सांगितलं. सावकाश, एकही शब्द वाया न घालवता. त्यांचा जबाब वकिलाकडे लिहून दिलाय, पण डॉक्टर सोडणार नाहीत आणि माणूस उभा राहिल्याशिवाय कागदाला किंमत नाही. फॉर्म भरलेले आणि अजून नोकरीत असलेले कॅप्टन सात. सहा जण नाही म्हणाले. सातवा मी.

"तुझं नाव मी पोलिसांना सांगितलं असतं तर तू आज आत असतास," ते म्हणाले. "मग त्या बासष्ट जणांचं कोण? तीन तारखेपर्यंत मला तू बाहेर हवास. नंतरचं तू बघ."

मी म्हटलं, मीही आजारी म्हणून खोटं कळवलंय, वकील मला फाडेल.

"फाडू दे. खोटं बोललो म्हणून आधीच सांग, मग फाडायला काय उरतं?"

शेवटी त्यांनी विचारलं, "सुयोगच्या फॉर्मवर तू काय लिहिलंस रे?"

मी सांगितलं. ऑक्टोबरात गोव्याला त्याचं एक लँडिंग जड झालं होतं. वारा आडवा होता, कोणाचंही झालं असतं. मी लिहिलं होतं, सरासरी, दबावाखाली निर्णय घ्यायला कचरतो. का लिहिलं? सगळ्यांनाच उत्तम लिहिलं तर फॉर्म परत येतात, म्हणून एकाला तसं लिहायचं होतं. तो माझाच होता, चालून जाईल वाटलं.

सरांनी उरलेला डोळा मिटला. म्हणाले, "हे तिथे सांगावं लागेल तुला. तो समोर बसलेला असेल."

शुक्रवार, ३१ जानेवारी

विशालला त्याच्याच गाडीत सांगितलं की मी साक्ष देणार आणि त्यानंतर बोरीवली पोलिसांत जाणार. त्याने मुलुंड चेकनाक्याजवळ गाडी कडेला घेतली. आधी हसला. मग म्हणाला, एकजूट म्हणजे काय माहीत आहे का तुला, एकजूट म्हणजे तोंड बंद ठेवणं. मी म्हटलं, तुझ्या मारण्याने कोणाचा डोळा गेला नाही, ते मी सांगेन. त्याने माझ्या मानेला धरून तोंड डॅशबोर्डवर आपटलं. नाकातलं हाड वाजलं. पुन्हा आपटलं. "त्या दोघांना लहान पोरं आहेत," प्रत्येक वेळी तेच म्हणत होता आणि रडत होता. मग दार उघडून मला बाहेर ढकललं.

फुटपाथवर बसून राहिलो. एक बाई थांबली, पाण्याची बाटली देऊन गेली. मला विशालचा राग येत नव्हता. मी गेटवर त्या मिशीवाल्याला मारताना असाच दिसलो असणार.

शनिवार, १ फेब्रुवारी

सुनावणीआधी सुयोगला स्वतः सांगायचं म्हणून भटवाडीला गेलो. तो वकिलाकडे गेला होता. घरी गुणाजीकाका एकटेच. त्यांनी स्टूल दिलं, चहा केला. माझं सुजलेलं नाक पाहिलं, मग माझा उजवा हात पाहिला. बोटांच्या सांध्यांवरची साल अजून भरलेली नाही.

मग म्हणाले, "आमी पण एकाक मारललो. संपात."

मी कप खाली ठेवला.

"कामार जाय होतो म्हणान. गेटाभायर धरलो, चौघांनी. तो मरूक नाय. पण मागीर गिरणीत कधी दिसूक नाय. तेचा नाव अजून माका आठवता, बाकीच्या तिघांचा आठवना नाय." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, अगदी हलका. "पोराक सांगलास?"

मी नाही म्हटलं.

"सांगा. मी कोणाक सांगूक नाय. चाळीस वर्सां झाली."

सुयोग येईपर्यंत थांबायला हवं होतं. थांबलो नाही. त्याचा जिन्यावर आवाज आला असता तर मी काय केलं असतं कोण जाणे.

रविवार, ९ फेब्रुवारी

काल जामिनावर सुटलो. जान्हवीने जामीन भरला, घरापर्यंत सोडलं आणि त्याच रिक्षाने डोंबिवलीला परत गेली. रुचिराने तिच्याबरोबर निरोप पाठवला होता, परीक्षा संपेपर्यंत मला भेटायला येऊ नका. ठीक आहे. तीन तारखेपासूनचं क्रमाने लिहितो.

आयुक्तांच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला आमचे आणि यादीतले पाच प्रतिनिधी. त्यांत सुयोग. मला बसायला सांगितलं ती खुर्ची नेमकी त्याच्या समोर आली.

मी आधीच सांगून टाकलं की वीस तारखेला मला ताप नव्हता. कंपनीच्या वकिलाने वही मिटली, त्याचा तोच प्रश्न असणार. मग फॉर्मबद्दल सांगितलं. कोणी मागवले, काय सांगून मागवले, कोणत्या तारखेला. आयुक्त म्हणाल्या, एखादं उदाहरण द्या. मी म्हटलं, सुयोगबद्दल मी लिहिलेलं जसंच्या तसं सांगतो. सांगितलं. खाली बघून नाही, त्याच्याकडे बघून. गोव्याचं लँडिंग वाईट नव्हतं हेही सांगितलं. ज्येष्ठतेप्रमाणे हा यादीत येतच नाही, त्याच्यानंतर लागलेले एकोणीस जण अजून नोकरीत आहेत. तो इथे आहे तो माझ्या त्या दोन ओळींमुळे.

सुयोगच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त बांधलेला हात त्याने टेबलावरून खाली घेतला.

कंपनीला फॉर्म हजर करायला सांगितले आणि पुढच्या तारखेपर्यंत यादीला स्थगिती दिली. म्हणजे बासष्टही जण आज तरी नोकरीत आहेत. पुढचं ठाऊक नाही. विशालही नोकरीत आहे, पण तोही जामिनावर.

बाहेर पडलो तेव्हा सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. सुयोग जिन्यात एकटा होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि दुसरी गोष्ट सांगितली. बोरीवलीची. हेल्मेटची. तीनदा मारलं हेही.

त्याने डाव्या हाताने मारलं. उजव्या हाताचा माणूस तो, नेम चुकला आणि मूठ आधीच मोडलेल्या नाकावर आली. मी खाली बसलो. त्याने पुन्हा मारलं, मग पायाने, बरगडीत. लोक धावत आले, त्याला धरायला लागले. मी म्हटलं, सोडा त्याला. सोडल्यावर मात्र तो थांबला. डाव्या हाताने मला उठवून उभं केलं आणि टॅक्सीला हात केला.

टॅक्सी बोरीवलीला निघाली. माझ्या नाकातलं रक्त सीटवर पडत होतं, ड्रायव्हरने मागे जुनं वर्तमानपत्र फेकलं. पोलीस ठाण्याच्या फाटकाशी टॅक्सी थांबली तेव्हा तो म्हणाला, "सर, एक करा. माझ्यासाठी मारलं असं आत सांगू नका. मी तुम्हाला मारायला सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं."

तो खाली उतरला नाही. टॅक्सी तशीच पुढे हॉस्पिटलकडे गेली.

आत संघमित्रा नावाच्या फौजदार होत्या, तिशीतल्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग संगणकावर लिहायला घेतलं. नाव, पत्ता, धंदा. कुठे, किती वाजता, कशाने. बरोबरच्या तिघांची नावं विचारली, ती सांगितली. कोणी काय केलं हे वेगवेगळं लिहून घ्या म्हटलं आणि डोळा माझ्या हातून गेला असं दोनदा सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, कारण काय?

दोन आठवडे माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं. ते मी जान्हवीला दिलं होतं, विशालला दिलं होतं, या वहीत लिहिलं होतं. तोंड उघडलं, आणि बासष्ट म्हणणार तोच थांबलो. त्या बोटं कळफलकावर ठेवून वाट बघत होत्या.

मी म्हटलं, "मला राग आला होता."

"त्यांचा?"

"नाही. त्यांचा नाही."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि लिहिलं, रागाच्या भरात. मग पान छापून माझ्यासमोर ठेवलं आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.